"पाच नंबर, झोपलीस का?" : व्हॉलीबॉलचे नंबर, जागा आणि शब्द कुणी समजावेल का?

ओसरीवरची

लेक सातवीत आहे. यंदा शाळेच्या व्हॉलीबॉल संघात तिची निवड झाली, घरात पेढे वगैरे वाटून झाले. शनिवारी पहिल्यांदा सराव बघायला गेले आणि पार गोंधळून परत आले.

सर ओरडत होते, "चार नंबर, मागे सरक! दोन नंबर, कव्हर! पाच नंबर, झोपलीस का?" आता पाठीवर ५ असलेली मुलगी तर बाहेर बाकावर बसून पाणी पीत होती. दचकली ती मैदानातली भलतीच कुणीतरी, जिच्या पाठीवर ११ होतं. माझ्या लेकीच्या पाठीवर ९. तिला मात्र दहा मिनिटांत तीन वेगवेगळ्या नंबरांनी हाका मारल्या.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "आई, ते नंबर वेगळे असतात गं. ते फिरतात." आणि मोबाईलमध्ये तोंड खुपसलं. तिला स्वतःलाही नीट उमगलंय असं मला वाटत नाही, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही.

तर मंडळी, अगदी ओ का ठो कळत नाही असं धरून सांगा. क्रिकेटमधली गली आणि पॉइंट वेगळे हे कळायला मला लग्नानंतर दहा वर्षं लागली होती, त्या बेताने.

चुनाफक्की

ताई, आधी मैदान. जमिनीवर काय आखलंय ते कळलं की पुढचं सोपं जातं. मी खेळलो जिल्ह्यापर्यंतच, पण मैदानं आखली आहेत पन्नासएक.

पूर्ण मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. मधोमध जाळी. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला ९ बाय ९ चा चौरस. आम्ही सुतळी आणि चार खुंट्या घेऊन बसायचो. चारही बाजू ९ भरल्या तरी चौकोन तिरका होऊ शकतो, म्हणून कर्ण मोजायचा. तो १२ मीटर ७३ सेंटिमीटर आला की काटकोन पक्का. मग फक्की. रेषेची जाडी ५ सेंटिमीटर, आणि ही जाडी मैदानातच धरतात. म्हणून चेंडू रेषेला नुसता चाटून गेला तरी आत. निम्मी भांडणं इथेच मिटतात. मिटत नाहीत, पण मिटायला हवीत.

जाळीखालची ती मध्य रेषा. तिच्यापासून ३ मीटरवर दोन्हीकडे आणखी एक रेषा असते, ती अटॅक लाइन. पुस्तकात आक्रमण रेषा, बोलताना सगळे "तीन मीटर" म्हणतात. त्या रेषेपुढचा भाग फ्रंट झोन, मागचा बॅक झोन. सगळ्यात मागची एंड लाइन. तिच्यामागे पूर्ण ९ मीटर रुंदीत कुठूनही सर्व्हिस करता येते. आमच्या लहानपणी उजव्या कोपऱ्यातूनच करावी लागायची, त्यामुळे अजून काही जुनी माणसं कोपऱ्यात जाऊनच उभी राहतात.

जाळीची उंची पुरुषांना २.४३ मीटर, महिलांना २.२४. लहान गटांना खाली घेतात. जाळीच्या दोन टोकांना लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठ्या दिसल्या असतील, त्या अँटेना. जाळीच्या वर ८० सेंटिमीटर येतात. पलीकडे मारलेला चेंडू त्या दोन काठ्यांच्या मधूनच जायला हवा, काठीला लागला तर गेला.

नंबरांचं मी सांगत नाही. मी सांगितलं की माणसं आणखी गोंधळतात असा अनुभव आहे.

शिट्टी_वाजली

नंबरांचं मी सांगतो. बरीच वर्षं शालेय सामन्यांत पंचगिरी केली आहे.

ताई, तुमच्या डोक्यात तीन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. मिसळतातच. पाठीवरचा नंबर हा फक्त ओळखीपुरता, आमच्या गुणपत्रकासाठी. जागेचा नंबर १ ते ६, हा जमिनीला असतो, माणसाला नाही. आणि तिसरं म्हणजे काम: सेटर, मिडल, लिबेरो वगैरे. हे त्या मुलीबरोबर फिरतं. सर "पाच नंबर" म्हणाले म्हणजे "या क्षणी पाचाच्या जागेवर जी कुणी आहे ती".

जागा अशा. जाळीकडे तोंड करून उभ्या राहा. मागचा उजवा कोपरा १. त्याच्या पुढे, जाळीजवळ उजवीकडे २. जाळीजवळ मधे ३, डावीकडे ४. मागे डावा कोपरा ५, मागे मधे ६. पुढची रांग डावीकडून ४-३-२, मागची ५-६-१.

आता लोक विचारतात की आकडे डावीकडे चढत जातात आणि मुली मात्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे उजवीकडे फिरतात, हे उलटं कसं? उलटं नाही. हा बँकेतला टोकन नंबर आहे असं समजा. १ म्हणजे जिची सर्व्हिस चालू आहे ती. २ म्हणजे पुढचा नंबर जिचा आहे ती. ६ म्हणजे आत्ताच सर्व्हिस करून आलेली, आता तिला सगळ्यात जास्त थांबायचंय. २ वाली सरकून १ वर येते, ३ वाली २ वर, असं सगळं चक्र एक घर पुढे जातं.

आणि हे चक्र प्रत्येक गुणाला फिरत नाही. सर्व्हिस समोरच्यांची होती आणि गुण आपण घेतला, तरच फिरायचं. आपलीच सर्व्हिस, आपलाच गुण, तर तीच मुलगी पुन्हा मारणार.

ओसरीवरची

टोकन नंबर! सर, हे एका वाक्यात कळलं. इतक्या वर्षांत कुणी असं सांगितलंच नाही. (इतकी वर्षं मी विचारलंही नव्हतं, ते सोडा.)

खडीसाखर_

मी वाचनमात्र, पण एक शंका. टीव्हीवर प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये मुंबई मीटिऑर्सचा सामना पाहिला तेव्हा सेट १५ ला संपत होता. मला २५ आठवतात. आमचे बाबा म्हणतात १५ च असतो. कोण खरं?

शिट्टी_वाजली

तिघेही. आंतरराष्ट्रीय नियमात चार सेट २५ चे, पाचवा १५ चा, आणि दोन गुणांची आघाडी लागतेच. त्या लीगने सामना आटोपशीर व्हावा म्हणून १५ चे सेट ठेवले. बाबांचे १५ वेगळे. १९९९ च्या आधी सेट १५ चा असायचा, पण गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच मिळायचा. समोरच्याने रॅली (सर्व्हिसपासून चेंडू मरेपर्यंतचा खेळ) जिंकली तर त्याला नुसती सर्व्हिस मिळायची, गुण नाही. आता प्रत्येक रॅलीला कुणालातरी गुण मिळतो.

नाना_बूस्टर

बाबांना माझा नमस्कार सांगा. त्या १५ मध्ये जी मजा होती ती या २५ ला नाही. १४-१३ वर सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे, अर्धा अर्धा तास फलक हलायचा नाही. रात्रीचे सामने, बांबूला बांधलेले बल्ब, बल्बाभोवती किडे, आणि लोक घरी जायला तयार नाहीत.

माझ्या नावावरून कुणी चहात घालायची पावडर समजू नये. आमच्याकडे सेटरला बूस्टर म्हणत, काही गावांत लिफ्टर. "बूस्ट दे" म्हणजे मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून दे. स्पायकरला शूटर किंवा स्मॅशर. हाताची पोळी करून जो खालून घेतात तो अंडर, बोटांनी वरून घेतात तो अप्पर. मारल्याचं सोंग करून जाळीपलीकडे हलकेच टाकला तो ड्रॉप. ताई, मैदानावर हे शब्द ऐकू आले तर घाबरू नका. नव्या सरांचं "सेट" आणि आमचं "बूस्ट" एकच.

आमच्या पिढीचा देव म्हणजे केरळचा जिमी जॉर्ज. इटलीत जाऊन क्लबांकडून खेळला. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत आपल्याला ब्राँझ मिळालं त्या संघात होता, आणि पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात गेला. आशियाई स्पर्धेत त्यानंतर पुरुषांना पदक नाही. असो. विषय भरकटतोय.

शुद्धमती

पाठ्यपुस्तकांत इतके चांगले मराठी शब्द असताना आपण बूस्ट, लिफ्ट, अप्पर करत बसतो. रचनाकार, आक्रमक, मुक्त खेळाडू असं म्हणायला काय हरकत आहे?

चुनाफक्की

हरकत काहीच नाही. पण "रचनाकारा, घे!" असं म्हणेपर्यंत चेंडू खाली पडतो.

नाना_बूस्टर

😄 आमच्या मैदानावर "माझाss" हा एकच शब्द चालायचा. तोही दोघं एकदम ओरडले की चेंडू दोघांच्या मधे.

न्यूजर्सीचा_बंड्या

मजेदार धागा. इथे दर गुरुवारी इनडोअर खेळतो, आमच्या गटात निम्मे मराठी. हा खेळही इथलाच बरं का. १८९५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होलियोक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गनने काढला, नाव ठेवलं होतं मिंटोनेट. बास्केटबॉल ज्यांना दमवतो अशा मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी हलका व्यायाम म्हणून! त्याला आजचा जंप सर्व्ह दाखवायला हवा.

कामांची नावं मी सांगतो. सेटर: चेंडू पलीकडे धाडण्याआधी संघाला तीन टच मिळतात, त्यातला दुसरा बहुतेक वेळा याचाच. आउटसाइड हिटर, दोघं: डावीकडून चारावरून मारतात, पासही, म्हणजे समोरून आलेला पहिला चेंडूही, यांनाच घ्यावा लागतो, म्हणजे संघातले हमाल. मिडल ब्लॉकर, दोघं: मधे तिनावर, सगळ्यात उंच, काम मुख्यतः ब्लॉक (जाळीवर हात उंचावून समोरच्याचा फटका अडवणं) आणि क्विक (जाळीलगत दिलेला बुटका सेट झटपट मारणं). ऑपोझिट एक: फिरत्या चक्रात सेटरच्या बरोबर समोरच्या कोनात, म्हणून ते नाव. आणि लिबेरो, वेगळ्या रंगाच्या जर्सीवाला.

ओसरीवरची

थांबा थांबा. कामं ठरलेली आणि जागा फिरत्या, मग डावीकडून मारणारी फिरत फिरत उजवीकडे आली की काय करते? इथेच माझी गाडी अडली आहे.

शिट्टी_वाजली

इथेच सगळ्यांची अडते. फिरतीची जागा फक्त सर्व्हिसच्या क्षणापुरती. चेंडूला हात लागला की कुणी कुठेही पळा. म्हणून सर्व्हिस होताच मुली एकदम इकडून तिकडे धावतात, ती पळापळ नाही, बदली आहे.

पण त्या क्षणापर्यंत, आपण सर्व्हिस घेणाऱ्या बाजूला असताना, क्रम पाळावा लागतो. पुढची मुलगी तिच्या बरोबर मागच्या मुलीपेक्षा जाळीच्या जवळ हवी: ४ ही ५ च्या पुढे, ३ ही ६ च्या, २ ही १ च्या. आडव्या रांगेतही डावी-उजवी बाजू बदलायची नाही. आम्ही बघतो पाय. तिरक्या जोडीचा, म्हणजे ४ आणि १ वगैरे, एकमेकींशी संबंध नाही.

आणि मागच्या रांगेतल्यांवर एक बंधन रॅलीभर राहतं. ब्लॉक करायचा नाही, आणि जाळीच्या वरचा चेंडू मारायचा तर उडी तीन मीटरच्या रेषेमागून. रेषेला बोट लागलं तरी फाउल. रेषेमागून उडून पुढे पडलं तर चालतं.

ओसरीवरची

काल रात्री ओटा आवरल्यावर जे केलं ते सांगते. स्वयंपाकघरातल्या फरश्या मोजल्या. सहा वाट्या घेतल्या. गूळ म्हणजे सेटर. त्याच्या समोरच्या कोनात साखर म्हणजे ऑपोझिट. शेंगदाण्याच्या दोन वाट्या आउटसाइड, तांदळाच्या दोन मिडल. मोहरीची छोटी डबी लिबेरो. लाटण्याची जाळी.

गूळ १ वर, तांदूळ २, शेंगदाणे ३, साखर ४, तांदूळ ५, शेंगदाणे ६. मग एकेक घर फिरवत गेले. नवऱ्याने दारातून पाहिलं आणि काही न बोलता परत गेला.

तिसऱ्या फेरीला लक्षात आलं: गूळ मागे असतो तेव्हा पुढे तीन मारणाऱ्या असतात. गूळ पुढे आला की मारणाऱ्या दोनच. मग सेटर पुढे असणं तोट्याचं ना?

न्यूजर्सीचा_बंड्या

ताई, तुम्ही लाटण्यावर फाइव्ह-वन शिकलात! एक सेटर, पाच मारणारे. सेटर मागे असेल त्या तीन फेऱ्यांत पुढे तीन हिटर, पुढे असेल त्या तीन फेऱ्यांत दोन. पण पुढे असताना सेटर स्वतःच दुसरा टच पलीकडे टाकू शकतो, आणि ब्लॉकही करू शकतो. मागच्या रांगेतल्या सेटरने जाळीजवळ उडी मारून वरचा चेंडू पलीकडे ढकलला तर फाउल.

पण सातवीच्या मुलींना फाइव्ह-वन? सर धाडसी दिसतात. नवख्यांना बहुतेक ठिकाणी फोर-टू देतात: दोन सेटर समोरासमोरच्या कोनात, जी पुढे असेल तिने सेट करायचं. कुणाला धावावं लागत नाही.

ओसरीवरची

अजून एक. माझी लेक तांदूळ आहे (मिडल). ती मागे गेली की तिला काढून मोहरी आत येते. दोन आठवडे रुसून आहे, "मला मागे खेळूच देत नाहीत, माझं काहीतरी चुकतंय." सरांना विचारायची तिची हिंमत नाही.

शिट्टी_वाजली

तिला सांगा, काहीही चुकत नाही, जगभर असंच करतात. उंच मिडलला मागे खाली वाकून जमिनीलगतचे चेंडू उचलणं जड जातं, म्हणून लिबेरो १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आणला. इटालियन शब्द, अर्थ "मुक्त". (शुद्धमतीताई, म्हणजे तुमचा मुक्त खेळाडू अगदी बरोबर.) ही अदलाबदल नेहमीच्या सहा बदल्यांत मोजत नाहीत. मिडल मागे येते, सर्व्हिस करते, आपण सर्व्हिस गमावली की ती बाहेर, लिबेरो आत. चारावर यायची वेळ झाली की पुन्हा मिडल.

लिबेरोला मोकळीक फक्त मागे. ब्लॉक नाही, जाळीच्या वरचा चेंडू मारणं नाही, आणि तीन मीटरच्या पुढे येऊन तिने बोटांनी सेट दिला तर तो जाळीच्या वरून मारता येत नाही. खालून, अंडरने दिला तर चालतो.

न्यूजर्सीचा_बंड्या

आणि आपल्याकडे लिबेरोची सर्व्हिसही नाही. इथे अमेरिकेत शाळा-कॉलेजांत एका जागेवरून करू देतात. लेक यूट्यूबवर इथले सामने बघत असेल तर गोंधळेल.

खडीसाखर_

हाताचे इशारेही सांगा ना सर. प्रेक्षकांत बसून "डबल! डबल!" ओरडणाऱ्या काकांना गप्प करायचंय.

शिट्टी_वाजली

त्या काकांना सांगा, सर्व्हिस किंवा स्मॅश घेताना एकाच हालचालीत चेंडू एका हाताला लागून दुसऱ्याला लागला तरी डबल नसतो. पहिल्या टचला ती सूट आहे. सेट करताना मात्र नाही.

इशारे: दोन बोटं वर म्हणजे डबल, चार बोटं म्हणजे चौथा टच. तळहात वर करून हात सावकाश उचलला म्हणजे चेंडू पकडला, तुम्ही त्याला होल्ड म्हणता. एका हाताची बोटं उभी धरून दुसऱ्या तळहाताने त्यावरून घासलं म्हणजे चेंडू हाताला लागून बाहेर गेला. ब्लॉकला लागलेला टच तीनात मोजत नाहीत हे लक्षात ठेवा, त्यानंतरही तीन मिळतात. आणि तर्जनीने समोर हवेत गोल काढला तर समजायचं, जागा चुकली.

ओसरीवरची

आज सामना होता. हरलो, २-१. पण तो गोल मी पाहिला!

दुसऱ्या सेटला १८-१८. समोरच्यांची सर्व्हिस. आमची सेटर १ वर, लेक तिच्यापुढे २ वर. सेटरला जाळीकडे धावायची घाई, ती पुढे सरकत सरकत गेली. माझी लेक पास घ्यायच्या नादात दोन पावलं मागे आली. मी बाकावरून बघतेय, गूळ तांदळाच्या पुढे गेला! सर्व्हिस झाली, शिट्टी वाजली, पंचांनी बोट गोल फिरवलं. आजूबाजूचे पालक "काय झालं, काय झालं", आणि मी मोठ्या थाटात, "रोटेशन फॉल्ट". एका बाबांनी मान वळवून पाहिलं. आयुष्यात कधी क्रीडा विषयात कुणी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं नव्हतं.

सर मात्र नंतर लेकीलाच बोलले. मला वाटतं चूक सेटरची होती. काय म्हणता?

शिट्टी_वाजली

पंच म्हणून विचाराल तर चूक संघाची, आम्ही नाव घेत नाही. गुण त्यांना, सर्व्हिसही त्यांच्याकडेच, मुलींनी जागेवर यायचं.

न्यूजर्सीचा_बंड्या

खेळाडू म्हणून विचाराल तर दोघींची, पण मिडलने पास घ्यायला मागे येण्याचं कारणच नव्हतं. ते शेंगदाण्यांचं आणि मोहरीचं काम. सरांचं चुकलं नाही.

नाना_बूस्टर

बंड्या, सातवीची पोर आहे ती. चेंडू अंगावर येताना दिसला की पाय आपोआप मागे जातात. आणि बूस्टरने आपल्या पुढच्या खेळाडूची टाच बघायची असते, जाळी नव्हे. सर्व्हिस व्हायच्या आधी मी नेहमी पुढच्याच्या पाठीला बोट लावून उभा राहायचो. बोट लागतंय म्हणजे मी मागे आहे. ताई, त्या सेटरच्या पोरीला एवढं सांगा.

ओसरीवरची

सांगितलं नाना, मघाशीच, फोनवर. तिच्या आईलाही सांगितलं. ती विचारतेय की वाट्या कुठल्या घ्यायच्या, कारण त्यांच्याकडे गुळाची ढेप आहे आणि ती वाटीत बसत नाही.